पाळणा हलवणारी माणसं

आमच्या घरातल्या पाळण्याची दोरी पुरुष ओढतात, याचं गावाला केवढं कौतुक! मला मात्र त्या दोरीची शिसारी यायची. आणली तेव्हा पांढरीशुभ्र नायलॉनची होती. मग तंबाखू, चुना, भज्यांचं तेल आणि दहा जणांच्या हातांचा मळ बसून ती काळीकुट्ट झाली. एक दिवस चुकून माझा हात लागला तर साबणानं दोनदा धुतला.

मी आप्पाची थोरली बहीण. सगळं गाव मला आक्का म्हणतं. नवरा गेल्यावर आष्टीहून भावाकडे आले आणि इथलीच झाले. गेल्या वर्षी न्हाणीत पडून खुबा मोडला, तेव्हापासून हातात काठी आली आणि बूड खुर्चीला चिकटलं. खुर्ची ओट्याच्या कोपऱ्यात असते. तिथून सगळं दिसतं, आणि दिसतं म्हणून मी बोलते. माझ्या तोंडाला घरात सगळे घाबरतात, पण ऐकत कुणीच नाही.

आप्पाचं खरं नाव उत्तरेश्वर. युसूफ वडगावात त्याच्या शब्दाला वजन आहे म्हणतात. म्हणजे काय, तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली असतात, त्यांना चहा लागतो, आणि आप्पा शिंकला तरी ती वा वा करतात. जिल्हा परिषदेचं तिकीट मिळणार मिळणार असं गेली दोन वर्षं चाललंय. त्यातच त्याच्या रविराजला मुलगा झाला आणि आप्पाला आभाळ ठेंगणं झालं.

रविराजची बायको सायली दिंद्रुडची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. खरं तर तिनं तिथं तीन महिने निवांत राहायचं. आई आहे, बहीण आहे, कुणी ना कुणी लेकरू घेतं, बाळंतीण पाठ टेकते. माहेरी पाठवायची रीत त्यासाठीच तर आहे. पण आप्पाला निवडणुकीच्या आधी बारसं गाजवायचं होतं. सव्वा महिना होतो न होतो तोच त्यानं गाडी पाठवली. सायलीच्या आईनं मला फोन केला. म्हणाली, "आक्का, पोरगी रात्रभर जागीच असती. तुमी तेवढं कुणीतरी लेकरू घेत जा हो तिच्याजवळचं. दुसरं काई मागत न्हाई मी."

बारसं झालं. मांडव, जेसीबीतून फुलं, चौकात बॅनर. बॅनरवर आप्पाचं तोंड ताटाएवढं आणि लेकराचं सुपारीएवढं. सायलीचा फोटो कुठंच नव्हता. नाव ठेवलं शौर्यराजे. एवढ्याशा जिवाला ते नाव सोसलं नसावं, कारण त्या रात्रीपासून तो जो रडायला लागला तो थांबेना.

आता अशा वेळी चार माणसांच्या घरात काय करतात? एकानं उठावं, लेकरू खांद्यावर टाकावं, आणि तिला म्हणावं, झोप तू. याच्यापुढं काही लागत नाही. आमच्या घरात एवढं सोडून बाकी सगळं झालं.

छबुबाईनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, सुनेच्या तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळलं. जायफळ उगाळून दूध दिलं. उशाखाली सुरी ठेवली. दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, त्या धुरानं लेकरू आणखी खोकलं. एवढं करून ती रक्तदाबाची गोळी खाऊन आडवी व्हायची ती पहाटेलाच उठायची. मी म्हणाले, "अगं, रातच्याला घटकाभर लेकरू तू घे की." तर म्हणाली, "मी तिघं वाढवले, माझे कुणी घेतलते?" या बोलण्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. स्वतः सोसलं ते दुसऱ्याला सोसायला लावायचं आणि त्याला वळण म्हणायचं.

मग माझ्याजवळ द्या, म्हणाले. खुबा मोडलाय, हात तर शाबूत आहेत. लेकरू शेजारी निजवायला काय लागतं? पण छबुबाई म्हणाली, "राहू द्या आक्का, तुमाला त्रास कशाला." त्रास माझा नव्हताच. मी विधवा, माझं एकही मूल जगलं नाही, आणि माझ्या अंथरुणात तिला नातू नको होता. हे ती तोंडानं कधी बोलली नाही. दर वेळी लेकरू माझ्या मांडीवरून उचलताना त्याचं कपाळ पदरानं पुसायची, तेवढं मला पुरेसं होतं.

आणि रविराज, लेकराचा बाप! तो आठच दिवसांत माडीवरच्या एसीच्या खोलीत झोपायला गेला. सकाळी मीटिंग असते म्हणे. पण काळजी फार. माडीवरून सायलीच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा, 'थकलेल्या आईला शांत झोप लागण्यासाठी सोपे उपाय'. एकदा बासरीची धून पाठवली. खाली लेकरू किंचाळतंय, आणि ही पोरगी एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातात मोबाईल धरून नवऱ्यानं पाठवलेली बासरी ऐकतेय. मला दाखवत म्हणाली, "आत्या, बघा की, ह्यांनी पाठवलंय." हसली का रडली ते मला कळलं नाही.

शेवटी आप्पाच्या स्वतःच्या झोपेचं खोबरं झालं, तेव्हा कुठं त्यानं यात लक्ष घातलं. सकाळी ओट्यावर येऊन म्हणाला, "मी बघतो."

आप्पाचं 'मी बघतो' म्हणजे माणसं कामाला लावणं. गावात नळाला पाणी आलं नाही की तो असाच म्हणतो. सायलीची खोली ओट्याला लागून. आप्पानं पाळणा खिडकीजवळ घ्यायला लावला, डासांच्या जाळीला भोक पाडलं, पाळण्याला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक ओट्यावर काढलं. "बसलेलेच असता बे दिवसभर," तो कार्यकर्त्यांना म्हणाला, "चर्चा बी करा अन् दोरी बी वढा. सूनबाईला जरा आराम पडल."

माणसं उड्या मारायला लागली. नाथा आणि सुग्रीव यांच्यात तर खरोखर भांडण झालं. नाथाला ग्रामपंचायतीत उभं राहायचं होतं, सुग्रीवला त्याच वॉर्डातून. नाथा उजाडताच यायचा आणि दोरी धरून बसायचा, लघवीला जाताना पायाखाली दाबून ठेवायला भागवतला सांगायचा, सुग्रीवला नाही. सुग्रीवनं एक दिवस दोरी हातात धरून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला, 'युवराजांच्या सेवेत'. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे तसेच फोटो. कुणी गॉगल लावून, कुणी आप्पाच्या पायाशी बसून. यातल्या एकानंही स्वतःच्या घरी पाळण्याला हात लावला नसणार. नाथाची बायको तिसऱ्यांदा पोटुशी आहे आणि डोक्यावरून पाण्याच्या घागरी वाहते, हे मला या खुर्चीवरून रोज दिसतं.

बसल्या जागी गुटखा थुंकायचे. जास्वंदीच्या कुंडीतली माती लाल झाली. त्याच हातानं तोंड पुसायचं, त्याच हातानं दोरी. बोलणं चढलं की झोके चढायचे, आत पाळणा खुंटीवर आपटायचा. कुणी मोठा माणूस आला की दोरी आणखी जोरात. मी एकदा ओरडले, "लेकरू हाय का ताक, नाथा?" तर दात काढून हसला.

आणि त्यांना चहा लागायचा. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. सुनेला आराम पडावा म्हणून ज्यांना बसवलं, त्यांच्यासाठी चहा कोण करायचं? सायली. नेहमीचे लोक घटकाभर बसून जायचे, पण दोरी आल्यापासून कुणी हलेचना. पातेल्यावर पातेलं. ती ट्रे घेऊन ओट्याच्या दारापर्यंत यायची, डोक्यावर पदर, डोळ्यांखाली काळं. सुग्रीव म्हणायचा, "वहिनी, आता तुमी निवांत. आमी हाव की."

दुपारी तरी पडेल, तर कशी पडेल? खिडकीच्या पलीकडे दहा बाप्ये. जाळीचं भोक बोटभराचं होतं ते दोरीनं घासून मूठभर झालं. त्यावर ती पडदा लावायची, तो वाऱ्यानं उडायचा. पाजायला घ्यायची तर बाहेरून हाक यायची, "वहिनी, दोरी हलकी लागतीय, युवराज हायत ना आत?" आणि हसायचे. शेवटी ती न्हाणीत पाटावर बसून पाजायला लागली. आमच्या ग्रॅनाइटच्या बंगल्यात लेकराला दूध पाजायला तिला मोरीशेजारची जागा मिळाली.

लेकरू मात्र दिवसभर झोपायचं. दहा माणसं आळीपाळीनं हलवतायत म्हटल्यावर झोपणारच. दिवेलागणीला ओटा रिकामा झाला, दोरी थांबली, की टक्क जागं. आणि त्या भोकातून डास आत. मी आप्पाला सांगितलं. राग आला की मी त्याला लहानपणच्या नावानं हाक मारते. "उत्तऱ्या, लेकराचा दिवस अन् रात उलटी केलीस तू. दिवसा झोपतंय म्हणून रातच्याला जागतंय. ती पोर मरंल."

"आक्का, आता काय करू अजून?" तो म्हणाला. "माणसं लावलीत की."

"माणसं कशाला लावतोस? घरात माणसं न्हाईत का?"

त्यानं घड्याळात पाहिलं आणि फोन कानाला लावला. त्याला खरंच कळत नव्हतं. तालुक्यातली भांडणं मिटवतो, पण स्वतःच्या दोन हातांत नातू घ्यायचा, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

सायली दिवसेंदिवस वाळत चालली. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. छबुबाईनं तिला सगळ्यांदेखत झापलं. एक दिवस ती गॅसपाशी उभ्या उभ्या झोपली, दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅसचा वास माझ्यापर्यंत आला तेव्हा मी काठी आपटत गेले. हलवली तर डोळे उघडून म्हणाली, "आले, आले, घेते त्याला." लेकरू रडतही नव्हतं. तिच्या डोक्यातलं रडणं बंद होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, मला दिंद्रुडला पाठवा म्हणावं. दोनच दिवस. मी तिथं जाऊन फक्त झोपते." मी आप्पाला सांगितलं, रविराजला सांगितलं. रविराज म्हणाला, "आत्या, तिकीट देणारे साहेब येणार हायत चार दिवसांत आप्पांचा नातू बघायला. पाळणा रिकामा कसा दाखवायचा?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी याच पोराला मी काखेत घेऊन फिरवलंय.

मग तो दिवस आला. जेवणं झाली होती. ऊन मऊ होतं, मार्गशीर्ष चालू. ओट्यावर नाथा दोरी ओढत होता, सुग्रीव त्याच्याकडे बघत होता, भागवत कुणाच्या तरी जमिनीच्या भांडणाची गोष्ट सांगत होता. रविराज मोबाईलमध्ये. आप्पा आरामखुर्चीत. लेकरू इतकं शांत होतं की नाथा दोनदा म्हणाला, "आपल्या हाताला गुण हाय बगा, आप्पा."

चहा आला नाही. सुग्रीवनं हाक मारली, "वहिनी, च्या?" कुणी ओ दिली नाही. थोड्या वेळानं पुन्हा मारली. छबुबाई आतून म्हणाली, "झोपली असंल भवानी." मला बरं वाटलं. म्हटलं झोपली असेल तर कुणी उठवायला जायच्या आधी दाराला कडी तरी लावावी. काठी घेऊन उठले.

खोलीत कुणी नव्हतं. पाळणा मात्र झुलत होता. जवळ जाऊन पाहिलं तर आत एक लोड, त्याच्यावर लेकराचं दुपटं नीट पांघरलेलं. बाहेर नाथा त्या लोडाला झोके देत होता.

मी ओरडले. छबुबाई धावत आली, पाळण्यात डोकावली आणि कपाळ बडवायला लागली. "रिकामा पाळणा हालवला गं! मेल्यांनी रिकामा पाळणा हालवला!" रिकामा पाळणा हलवला की लेकरावर संकट येतं, म्हणून ती रडत होती. सून कुठं गेली, हे तिनं अजून विचारलंही नव्हतं. नाथानं इंगळी डसल्यासारखी दोरी टाकली आणि हात शर्टाला पुसायला लागला. सुग्रीव लगेच म्हणाला, "मी तर आज हात बी लावला न्हाई." रविराज आत आला. त्यानं आधी कपाट उघडलं आणि दागिन्यांचा डबा हलवून बघितला. डबा जागेवर होता. तेव्हा कुठं त्याचं तोंड उतरलं, कारण दागिने न घेता बाई कुठं जाते हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

आप्पा म्हणाला, "फोन खिशात घाला सगळ्यांनी. एक शब्द बाहेर जायला नको."

मी तुम्हाला सांगते, मी खूप माणसं पाहिली, पण त्या क्षणी त्या खोलीत उभ्या असलेल्या माझ्याच माणसांची मला जेवढी किळस आली तेवढी कधी कुणाची आली नाही. नातू हरवलाय, सून हरवलीय, आणि याला फोनची पडलीय.

सगळे मळ्यातल्या विहिरीकडे पळाले. बायको दिसेनाशी झाली की आधी विहीर बघायची, हे पुरुषांना बरोबर माहीत असतं. भागवतनं बादल्या काढायचा गळ घेतला. आप्पा जीपमध्ये बसला तशी मी दार उघडून शेजारी चढले. खुब्यातून कळ मस्तकात गेली. तो म्हणाला, "आक्का, तू कशाला?" मी म्हणाले, "गाडी काढ."

विहिरीवर पोचलो तर सगळे काठावरून वाकून बघत होते. पाणी हिरवं, वर शेवाळ, त्यात कुणाची तरी चप्पल तरंगत होती. पण ती पुरुषाची होती. भागवत गळ सोडायला लागला. रविराज विहिरीकडे पाठ करून मटकन खाली बसला होता. मला क्षणभर त्याची कीव आली. मग त्याची बासरी आठवली आणि ती गेली.

तेवढ्यात पलीकडच्या रानातून कुणीतरी ओरडलं, "ओ, कावून कालवा करताय? मेंढरं बुजली ना माजी!"

तो सिदू धनगर. कापूस निघालेल्या रानात आप्पानंच त्याची मेंढरं बसवली होती. खतासाठी बसवतात तशी. त्याच्या पालाशेजारी लिंबाखाली त्याची बायको साखराबाई पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर आमचा शौर्यराजे पडला होता, टक्क जागा, स्वतःची मूठ चोखत. आणि बाजूला मळकट घोंगड्यावर सायली झोपली होती.

मी काठी टेकत कशीबशी तिथवर गेले. खरं सांगते, तिथं मेंढरांच्या मुताचा असा दर्प होता की मला उमासा आला. लेंड्या सगळीकडे, सायलीच्या साडीलाही लागलेल्या. तोंड उघडं, गालावर माशा. एक कोकरू तिच्या पायाला टेकून रवंथ करत होतं. पदराचं भान नव्हतं. माहेराहून आल्यापासून पहिल्यांदा ती पोर अशी आडवी होऊन झोपलेली मी पाहिली.

साखराबाई माझ्याकडं बघून वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात. मला कोकरं सोडायचीत अन् ही बाई उठंना. लेकरू खाली ठिवलं तर कुत्रं हाय आमचं."

"हितं कशी आली ती?" मी विचारलं.

तिनं आवाज खाली घेतला. "हिरीच्या काठावर बसलीती. पाय आत सोडून. मांडीवर लेकरू अन् नुसत्या डुलक्या. मी पाणी न्यायला गेलते. म्हणलं, बाई, हितं कावून बसलीस? तर म्हणली, सावली हाय. म्या लेकरू घेतलं तिच्या हातातलं. म्हणलं चल तिकडं. तर हितवर आली अन् हितंच आडवी झाली. मला इचारायला बी सुधरू दिलं न्हाई."

मी विहिरीकडे वळून बघितलं. विहिरीवर झाड नाही. आजूबाजूला पाचटाचा ढीगसुद्धा नाही. ऊन पडलं होतं सगळीकडे.

एवढ्यात मंडळी जवळ आली. सायली जिवंत आहे असं दिसताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर रुबाब परत आला. आप्पा तोंडाला रुमाल लावून म्हणाला, "रवी, उठव तिला. गाडीत घाल. रस्त्यावरून लोक बघाय लागलेत. आप्पाची सून धनगराच्या पालात झोपलीय, असं व्हायचं."

"हात लावू नको," मी म्हणाले.

"आक्का, तुला कळत न्हाई..."

मी त्याची बाही धरून त्याला बाजूला ओढला आणि साखराबाईनं सांगितलं ते त्याच्या कानात सांगितलं. पाय आत सोडून बसली होती, नातू मांडीवर होता, हे दोन्ही सांगितलं. वाटलं, आता तरी याचे डोळे भरतील. तो सावकाश इकडे तिकडे बघून म्हणाला, "हे कुणाकुणाला म्हाईत हाय?"

भाऊ आहे माझा. एकाच ताटात जेवलोय आम्ही. त्या प्रश्नानंतर मला त्याच्याशेजारी उभं राहवेना. पण पोरीची झोप त्याच्या हातात होती, म्हणून त्याला समजेल त्या भाषेत बोलले. "अजून कुणाला न्हाई. पण तिला कुणी उठवलं, तर आज चौकात तुझ्या बॅनरखाली उभं राहून मी सांगते. आणि उद्या दिंद्रुडला पाठवायची तिला. दोन दिवस न्हाई, तिला वाटंल तेवढे दिवस."

आप्पानं ओठ चावले. मग मोठ्यानं म्हणाला, "झोपू द्या सूनबाईला. दमलीय. चला सगळे, चला." दमलीय हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तोही भीतीनं. कार्यकर्ते मागे वळले. सुग्रीव जाता जाता म्हणाला, "आप्पा, काळीज लई मोठं हाय तुमचं." आप्पानं मान हलवली. जीप घेऊन तो त्यांच्यामागं गेला.

राहिलो मी, रविराज आणि सिदू-साखराबाई. साखराबाई उठली, लुगडं झटकलं आणि लेकरू सरळ रविराजच्या हातात दिलं. "धरा तुमचं. माजी कोकरं उपाशी हायत."

रविराजनं ते अंगापासून लांब, दोन्ही हात ताठ करून धरलं. बारशाच्या फोटोपुरतं घेतलं होतं, त्यानंतर आज. "आत्या, असंच धरायचं का?" मी म्हणाले, "छातीला लाव." त्यानं लावलं. लेकरानं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, हा कोण म्हणून. मला वाटलं, होईल, शिकेल. उशिरा का होईना, उन्हात उभा राहून लेकरू घेतोय.

आणि लेकरानं बापाच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर भसकन शी केली. पातळ, पिवळी, खिशातल्या पेनापासून पट्ट्यापर्यंत.

"ए सायली!" रविराज किंचाळला. "सायली! अगं ऊठ! हे बघ काय केलं! ऊठ लवकर!"

एवढा कालवा झाला, गळ आला, जीप आली, मेंढरं बुजली, तेव्हा न उठलेली पोर त्या हाकेला ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच होते. मिटल्या डोळ्यांनी तिनं दोन्ही हात पुढे केले. "आणा," ती म्हणाली. "आणा इकडं."

तो देणारच होता. दोन पावलं आलाही होता. मी काठी आडवी घातली, अशी की ती त्याच्या पोटात टोचली.

"तिकडं हिरीवर मोटर चालू हाय," मी म्हणाले. "तूच धू."

"मी? आत्या, मला... मला नाही जमणार. वास येतोय."

"मग वास घे."

तो गेला. पाटाच्या पाण्याशी उकिडवा बसला, दोन बोटांनी लंगोट सोडवायला लागला, आणि मान वळवून ओकला. पोट धरून ओकला. मला काही वाटलं नाही. मला गेले कित्येक दिवस या घराची तशीच ओकारी येत होती, मी फक्त गिळत होते.

लेकरू गार पाण्यानं रडायला लागलं. मी सायलीकडे वळले, म्हटलं आता ही धावेल, हिला थांबवायला हवं. ती जागची हलली नव्हती. बसल्या बसल्या तिला पुन्हा झोप लागली होती, मान छातीवर पडली होती, आणि हात अजून तसेच पुढे होते. साखराबाई कोकरं सोडून परत आली, तिनं ते हात धरून खाली केले आणि तिला घोंगड्यावर आडवी केली.